क्रॉस एका बाजूने चालतो, दुसऱ्या बाजूने नाही: चिलटांच्या आतल्या जिवाणूंविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर या चिलटाचे, म्हणजे लॅबमधल्या माशीचे, दोन स्टॉक (बाटलीत पिढ्यानपिढ्या वाढवलेले वाण) आहेत. 'अ'चा नर आणि 'ब'ची मादी असा क्रॉस लावला, तेव्हा जवळजवळ निम्म्या अंड्यांतून अळी बाहेर आलीच नाही. उलट लावला, म्हणजे 'ब'चा नर आणि 'अ'ची मादी, तेव्हा सगळं सुरळीत. तीन आठवड्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तर फरक गायब. गाइडचं म्हणणं, तुमचा हात कच्चा आहे. लॅबमधल्या कुणीतरी 'वोल्बाकिया असेल' म्हणून सांगितलं; वोल्बाकिया हा कीटकांच्या अंगात राहणारा जिवाणू. तेव्हा टेट्रासायक्लिन हे जिवाणूनाशक औषध माशांच्या अन्नात घालून मोकळं व्हावं का, आणि हा जिवाणू आपल्याला काही करतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

हात कच्चा असेलही, मी पाहिलेला नाही. पण कच्चा हात दोन्ही क्रॉसना सारखाच कच्चा असतो. तो नर कुठल्या बाटलीतला आहे हे बघून अंडी मारत नाही. क्रॉसची दिशा बदलली की निकाल बदलतो, तेव्हा आईकडून काहीतरी येतंय असं समजायचं. एक्स गुणसूत्र आणि आईने अंड्यात भरलेला माल सोडला, तर माशीच्या बाबतीत ते 'काहीतरी' बहुतेक वेळा वोल्बाकियाच निघतं. आणि दुसऱ्यांदा फरक गायब झाला याने माझा संशय कमी होत नाही, उलट वाढतो. का, ते पुढे सांगतो.

हा जिवाणू पेशीच्या आत राहतो. बाहेर कुठल्या प्लेटवर वाढत नाही, त्यामुळे 'आमच्या लॅबमध्ये कधी आढळला नाही' या वाक्याला अर्थ नाही. तुम्ही शोधला नाहीत एवढंच खरं. मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोल्बाक यांनी १९२४ मध्ये क्युलेक्स डासाच्या अंडाशयात तो पाहिला, आणि १९३६ मध्ये हर्टिगने त्याला वोल्बाकिया पिपिएन्टिस हे नाव दिलं. पुढची कितीतरी वर्षं ती एक कुतूहलाची नोंद होती. आज कीटकांच्या निम्म्याच्या आसपास जातींमध्ये तो असावा असे अंदाज आहेत. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या स्टॉक सेंटरमधले माशांचे स्टॉक २००५ मध्ये तपासले, तेव्हा जवळपास ३० टक्के स्टॉकमध्ये तो निघाला. जगभरच्या लॅब त्यांच्याच बाटल्या मागवतात. म्हणजे तुमच्या रॅकवर तो नसला तरच नवल.

आता त्याचा हिशेब बघा. तो अंड्यातून पुढच्या पिढीत जातो, शुक्राणूतून नाही. शुक्राणूत त्याला राहायला पेशीद्रवच उरत नाही. त्यामुळे वोल्बाकियाच्या घरात वंशाचा दिवा मुलगीच; मुलगा झाला की त्या फांदीपुरता वंश बुडाला. मग नराच्या अंगात अडकलेल्या जिवाणूने काय करायचं? तो स्वतः पुढे जाऊ शकत नाही, पण ज्या माद्यांमध्ये आपला भाऊबंद नाही त्यांची अंडी वाया घालवू शकतो. लागण झालेला नर शुक्राणू तयार करतानाच त्यात विष कालवून ठेवतो. मादीलाही लागण असेल तर तिच्या अंड्यात त्याचा उतारा हजर असतो. नसेल तर पहिल्याच पेशीविभाजनात बापाकडची गुणसूत्रं मागे रेंगाळतात, आईकडची पुढे निघून जातात, मध्ये ताणलेले धागे दिसतात आणि गर्भ तिथेच संपतो. पुस्तकात याला पेशीद्रवीय विसंगती म्हणतात, लॅबमध्ये सगळे 'सीआय' म्हणतात. विष आणि उतारा ही निव्वळ उपमा राहिलेली नाही. २०१७ मध्ये दोन गटांनी त्यामागची जनुकं दाखवली, सिफ-ए आणि सिफ-बी. मेलानोगॅस्टरमध्ये नराकडून नुकसान घडवायला दोन्ही लागतात, मादीकडून वाचवायला एकटं सिफ-ए पुरतं.

म्हणजे चार क्रॉसपैकी एकच बिघडतो: लागण झालेला नर आणि लागण नसलेली मादी. लागण झालेली मादी कुणाशीही जमवून घेते. लोकसंख्येत अशा माद्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की बाकीच्यांची अंडी वाया जात राहतात आणि या पुढे सरकतात. कॅलिफोर्नियात ड्रॉसोफिला सिम्युलन्स या मेलानोगॅस्टरच्या जवळच्या जातीत हे डोळ्यांदेखत घडलं. मायकेल टुरेली आणि एरी हॉफमन यांनी १९८०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात ही लागण पाहिली आणि ती उत्तरेकडे वर्षाला १०० किलोमीटरहून अधिक वेगाने सरकताना नोंदवली. १९९१ चा त्यांचा लेख मी अजूनही नव्या विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी वाचायला देतो. गणित, नकाशा आणि फळांच्या बागेतली जाळी, तिन्ही एका जागी क्वचित सापडतात.

आता तुमच्या गायब झालेल्या फरकाकडे येऊ. सिम्युलन्समधला सीआय दणदणीत असतो. मेलानोगॅस्टरमधला मात्र लहरी म्हणून बदनाम आहे. एका लॅबला दिसतो, दुसरीला दिसत नाही. लहर नराच्या वयाची आहे. कोषातून निघून एकच दिवस झालेला नर बराच सीआय दाखवतो, पाच दिवसांचा झाला की परिणाम जवळजवळ विरतो. यात आणखी एक खोच आहे. एकाच बाटलीतले जे नर सगळ्यांत आधी बाहेर येतात त्यांचा परिणाम जोरदार असतो, आणि अळीपणात रेंगाळून मागाहून आलेल्या धाकट्या भावांचा मिळमिळीत. बाटलीत गर्दी असेल तर हा फरक आणखी ठळक होतो. माझा अंदाज असा: पहिल्या वेळी तुम्ही उत्साहात पहिल्याच दिवशी निघालेले ताजे नर घेतलेत. दुसऱ्या वेळी व्हर्जिन (अजून वीण न झालेल्या) माद्या पुरेशा जमेपर्यंत नर तीन-चार दिवस बाजूच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, थांबले. सगळ्यांचं असंच होतं. नर कुठे पळून जात नाहीत, म्हणून त्यांच्या वयाकडे कुणी लक्ष देत नाही.

नर किती दिवसांचे होते हे नोंदवहीत नसेल तर प्रयोग नव्याने लावा. एक दिवसाचे नर, पहिल्या लॉटमधले, न दाटलेल्या बाटलीतले. माद्या तीन ते पाच दिवसांच्या. चारही क्रॉस एकाच दिवशी, एकाच अन्नावर. वीण झाल्यावर नर काढून टाका, मादीला एकटीला अगारच्या प्लेटवर यीस्टची पेस्ट देऊन अंडी घालू द्या, आणि मादी काढल्यावर पुढे तीस तासांनी मोजा. दर क्रॉसला दोन-चारशे तरी अंडी हवीत. एक सावधगिरी: पांढरं राहिलेलं अंडं मुळात फलितच झालं नव्हतं की पहिल्या विभाजनात मेलं, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून ज्या मादीच्या एकाही अंड्यातून अळी आली नाही, तिला फोडून शुक्राणूंच्या पिशवीत काही वळवळतंय का ते पाहा. वीणच झाली नसेल तर ती मादी हिशेबातून बाद.

त्याच्या आधी, आजच, पीसीआर करा, म्हणजे वोल्बाकियाच्या डीएनएचा ठराविक तुकडा माशीत आहे का ते त्याच्या प्रती काढून बघा. डब्ल्यूएसपी या वोल्बाकियाच्या जनुकाचे प्रायमर (तो तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे) सर्रास मिळतात, जेलवर सुमारे ६०० बेसचा पट्टा येतो. सोबत माशीचं स्वतःचं एखादं जनुक लावा, नाहीतर डीएनए नीट निघाला नव्हता म्हणून आलेला 'निगेटिव्ह' तुम्ही वोल्बाकियाच्या खात्यावर जमा कराल. पाच-पाच माद्या एकत्र कुटून तपासल्या की काही एकेकट्याही तपासा. अर्धवट लागण असलेला स्टॉक एकत्रित नमुन्यात 'पॉझिटिव्ह' दिसतो आणि नंतर छळतो.

मला स्वतःला पीसीआरपेक्षा अंडाशय बघायला आवडतं. मादीला दोन दिवस यीस्ट खाऊ घाला, सलाइनमध्ये पोट उघडा, अंडाशयाची कणसं सुईने हलकेच विंचरा आणि डॅपी हा डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग लावा. पोषक पेशींची केंद्रकं मोठ्या निळ्या गोळ्यांसारखी दिसतात. लागण नसेल तर त्यांच्यामधली जागा काळीशार असते. असेल तर तिथे निळी रांगोळी सांडल्यासारखे बारीक कण विखुरलेले असतात. मोठ्या झालेल्या अंडपेशीत ते मागच्या टोकाकडे जास्त जमलेले दिसतील. पुढे जिथून गर्भाच्या जननपेशी तयार होणार, नेमकं तेच टोक. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वोल्बाकियाचा हिशेब पाठ करावा लागत नाही.

टेट्रासायक्लिनबद्दल. घालावं, पण 'घालून मोकळं' होता येत नाही, आणि मी हे पोळलेल्या माणसाच्या नात्याने सांगतो. सुरुवातीच्या काळात बाहेरून आलेल्या एका म्युटंट (एका जनुकात बदल असलेल्या) स्टॉकवर मी विषाणू टोचण्याचे प्रयोग करत होतो. म्युटंट माशा कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या माशांपेक्षा, कितीतरी जास्त दिवस जगायच्या. विषाणूला अटकाव करणारं जनुक सापडलं या आनंदात माझे सात महिने गेले. मग कंट्रोलकडच्या माद्यांशी क्रॉस लावून ते म्युटेशन त्यांच्या वाणात नेलं, आणि सगळं संरक्षण एका पिढीत उडालं. जनुक होतं तिथेच होतं. जेल लावलं तर मूळ स्टॉकच्या खान्यात ठसठशीत पट्टा, कंट्रोलच्या खान्यात काही नाही. २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केलेली गोष्ट मी माझ्या खर्चाने पुन्हा शोधून काढली होती: वोल्बाकिया असलेल्या माशा ड्रॉसोफिला सी व्हायरससारख्या आरएनए विषाणूंना जास्त टिकतात. म्युटंट आणि कंट्रोल या दोघांत लागणीचा फरक असेल तर तुमचं कुठलंच मापन जनुकाचं राहत नाही. प्रजननाचं तर नाहीच. सेक्स-लीथल जनुकाच्या काही म्युटंट माद्यांना वोल्बाकियाने पुन्हा अंडी घालती केल्याचं २००२ मध्ये दाखवलं गेलं आहे.

औषध घालण्याची माझी पद्धत: अन्न साठ अंशांच्या खाली आल्यावर, दर मिलिलीटरला ०.०५ मिलिग्रॅम, दोन पिढ्या. व्हायलला फॉइल, कारण उजेडात टेट्रासायक्लिन नासतं. मग औषधाशिवाय किमान दोन पिढ्या, मी तीन घेतो. हे थांबणं टाळू नका. टेट्रासायक्लिन मायटोकाँड्रियालाही त्रास देतं आणि तो त्रास औषध थांबवलं की त्याच दिवशी संपत नाही. या पिढ्यांत मोजलेलं आयुष्य, वजन, उडणं, सगळं संशयास्पद.

आणि हे औषध फक्त वोल्बाकियाला मारत नाही, आतड्यातले जिवाणूही मारतं. तिथे अ‍ॅसिटोबॅक्टर आणि लॅक्टोबॅसिलस या दोन घराण्यांचा वावर असतो, जातींची संख्या अगदी थोडी. वोल्बाकियासारखे ते पेशीत बसलेले नाहीत. बरेचसे अन्नातून तोंडात, आतड्यातून पुन्हा अन्नात असे फिरत राहतात. माशी तुमच्या व्हायलमध्ये एका परीने विरजण लावत असते. केळं-गुळाच्या अन्नाची बाटली दुसऱ्या आठवड्यात आंबूस वास सोडते, त्यात यीस्टसोबत यांचाही हातभार असतो. त्यांची किंमत यीस्ट कमी असलेल्या, निकस अन्नावर कळते. २०११ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की जिवाणूमुक्त अळ्या अशा अन्नावर रखडतात, आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटारम किंवा अ‍ॅसिटोबॅक्टर पोमोरम यांपैकी एक दिला की पुन्हा वाढीला लागतात. म्हणजे टेट्रासायक्लिननंतर माशा हळू वाढल्या, तर दोष वोल्बाकिया जाण्याचा की विरजण जाण्याचा?

यावर सोपी युक्ती आहे. औषध न दिलेल्या त्याच स्टॉकचे फक्त नर घ्या, नव्या व्हायलमध्ये दोन-तीन दिवस सोडा, त्यांनी अन्न घाण केलं की काढून टाका, आणि मग त्यात बऱ्या केलेल्या माद्या घाला. आतड्यातले जिवाणू परत येतात, वोल्बाकिया येत नाही, कारण नराकडून तो जातच नाही. फक्त एखादी मादी चुकून नरांत राहिली तर सगळं मुसळ केरात. भिंगाखाली दोनदा बघा.

औषधानंतर पीसीआर पुन्हा करा, आणि मेलानोगॅस्टर सोडून इतर जातींवर काम करत असाल तर एका सापळ्यापासून सावध राहा. आपल्याकडे ड्रॉसोफिला अननासी भरपूर सापडते. तिच्या आशिया-पॅसिफिक भागातल्या काही वाणांत वोल्बाकियाचा जवळजवळ अख्खा जीनोम (सगळा जनुकसंच) माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात जाऊन बसलेला आहे. २००७ मध्ये हे उघड झालं. जिवाणू मेला तरी पट्टा येतच राहतो. माझ्या ओळखीच्या एकाने पाच पिढ्या औषध दिलं, औषधाची बाटली बदलली, कंपनीला दोन ईमेल पाठवले. शेवटी अंडाशय डॅपी लावून पाहिला, तर काळाशार. पट्टा बापाकडूनही मुलांत जातोय का एवढं तपासलं असतं तरी कळलं असतं.

बाटलीत कधी नुसत्या मुलीच निघायला लागल्या तर मात्र डब्ल्यूएसपीच्या मागे लागू नका. मेलानोगॅस्टरमध्ये तो उद्योग स्पायरोप्लाझ्मा या दुसऱ्या जिवाणूचा. हा पेशीबाहेर, माशीच्या रक्तात पोहतो, सळसळत्या स्प्रिंगसारखा. अंड्यात पिवळा बलक भरला जाताना त्याच्यासोबत आत शिरतो. त्याला पेशीभित्तिका नाही, म्हणून पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर फुकट. नर गर्भच तेवढे कसे मरतात हे कोडं अर्ध्या शतकाहून जुनं होतं. २०१८ मध्ये तोशियुकी हारुमोतो आणि ब्रुनो लेमेत्र यांनी स्पेड नावाचं प्रथिन दाखवलं. नर माशीत एकच एक्स असल्यामुळे त्याच्याकडून दुप्पट काम करून घेणारी यंत्रणा असते. स्पेड नेमकं त्या एक्सवर जाऊन त्याची वाताहत करतं. मादीत ती यंत्रणा चालूच नसते, म्हणून ती वाचते. सगळ्याच सहजीवींना खलनायक ठरवू नका. अमेरिकेतल्या ड्रॉसोफिला निओटेस्टेसियाला एक सूत्रकृमी वांझ करतो, आणि स्पायरोप्लाझ्मा असलेल्या माद्या त्यातून तरतात. २०१० मध्ये जॉन जेनिक यांच्या गटाने हे दाखवलं.

तुमच्या प्रश्नात 'फळमाशी' असा शब्द आला आहे. शेतकऱ्याशी बोलताना तो जपून वापरा. आंब्याला, पेरूला डंख मारणारी, मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात जिचे नर अडकतात ती फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा. आपली ड्रॉसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यावरचं चिलट. बॅक्ट्रोसेराच्या कुळातही सहजीवी आहेत, आणि भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्ह माशीची गोष्ट तर त्यातली सर्वांत देखणी. तिच्या अन्ननलिकेला एक फुगीर पिशवीच आहे जिवाणू ठेवायला. इटलीत पेत्री यांनी १९०९ मध्ये ती वर्णिली. तो जिवाणू, एर्विनिया डॅसिकोला, नसेल तर अळी हिरव्या, कडू ऑलिव्हमध्ये जगत नाही. पिकलेलं फळ तिला चालतं. फळातला कडूपणा हाच त्याचा बचाव, आणि तो मोडायचं काम जिवाणूकडे.

राहता राहिलं माणसाचं. वोल्बाकिया माणसात राहत नाही. केळ्यासोबत एखादं चिलट पोटात गेलंच असेल, माझ्या तर नक्कीच बरीच गेली आहेत, तर त्याने काही होत नाही. आपला त्याच्याशी संबंध येतो तो आडवाटेने. हत्तीरोगाच्या कृमीला स्वतःचा वोल्बाकिया लागतो. रुग्णाला काही आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलं की आधी जिवाणू मरतो आणि मग कृमी वांझ होतो. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वाचकांना हत्तीरोग सांगायला नको. दुसरी वाट डेंग्यूची. मेलानोगॅस्टरमधल्याच वोल्बाकियाचा वाण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासात सुईने टोचून बसवला, आणि त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढेना. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ ते डास सोडले. इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या आयसीएमआरच्या केंद्राने असे एडिसचे वाण तयार केल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. तुमच्या 'अ' बाटलीत जो असावा असं मला वाटतंय, तो यांच्या सख्ख्या नात्यातला.

गाइडना हे सगळं सांगायला जाऊ नका. जेलचा फोटो आणि चार क्रॉसचा तक्ता घेऊन जा, आणि तक्त्यात नराच्या वयाचा रकाना ठेवा. 'अ' पॉझिटिव्ह आणि 'ब' निगेटिव्ह निघाला तर दोन्ही स्टॉकना एकत्रच औषध द्या, नुसत्या 'अ'ला नाही; औषधाचा परिणामही दोन्हीकडे सारखा पडायला हवा. 'अ'ची एक व्हायल मात्र औषधाशिवाय राखून ठेवा आणि लेबलवर तारीख घालून 'वोल्बाकिया +' असं लिहा, पेन्सिलने. मार्कर स्पिरिटने पुसला जातो.